अभ्यासक्रम बदलतो कोण?



२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. रविवारचा दिवस होता. मुलांच्या अभ्यासिकेला कुलूप लावून आम्ही घरी आलो, तो दारात शेजारच्या वस्तीतल्या एक ताई आणि त्यांची मुलगी उभ्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचे यजमान हमालीच्या कामावर पडले आणि वर्षभर अंथरुणाला खिळून राहिले. मुलगी बी.एस्सी. करते एवढे आम्हाला ऐकून ठाऊक होते. आम्ही ज्या कॉलेजच्या कचेरीत कारकुनी करतो त्याच कॉलेजात ती शिकते, हे मात्र त्या दिवशी कळले.

"भाऊ, हिचा विषयच बंद झाला म्हणतात," ताई म्हणाल्या. "गिरणी बंद झालेली आम्ही बघितली. विषय बंद होतो म्हणजे काय होतं हो?"

मुलीने सगळी हकीकत सांगितली. २०२२ साली तिने प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्राचा एक पेपर राहिला. एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला गेली, ते वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली. मग वडिलांचा अपघात झाला. २०२४-२५ हे सबंध वर्ष ती कॉलेजात आली नाही. एका दुकानात कामाला लागली. आता परत आली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, कारण पहिल्या वर्षाचा तो पेपर सुटलेला नाही. आणि तो पेपर द्यायला गेली तर खिडकीवर सांगितले, "तो अभ्यासक्रम संपला. शेवटची संधी एप्रिलमध्ये होती. आता काही होणार नाही."

"काका, ही नोटीस बघा," म्हणून तिने मोबाईलमधला फोटो दाखवला. इंग्रजीतली चार ओळींची नोटीस. खाली डाव्या कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरे. ती आमचीच होती.

या नोटिशीकडे आम्ही शेवटी येणार आहोत. आधी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. विषय बंद कसा होतो, नवा सुरू कसा होतो, आणि हे ठरवतो कोण? आपल्या समाजातली पुष्कळ मुले आता सायन्सला जातात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. पण अभ्यासक्रम म्हणजे वरून पडणारा पाऊस आहे, तो कधी पडेल आणि किती पडेल हे आपल्या हातात नाही, असेच आपण धरून चालतो. वाचकहो, तसे नाही. अभ्यासक्रम माणसे ठरवतात. त्यांच्या बैठका होतात, बैठकांना तारखा असतात, ठरावांना क्रमांक असतात आणि ते कागद फायलीत लावून ठेवणारा आमच्यासारखा कारकून असतो. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला.

प्रथम हे समजून घ्या की सायन्स कॉलेजे दोन प्रकारची. एक, विद्यापीठाला नुसते संलग्न असलेले कॉलेज. तिथे अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, कॉलेज फक्त शिकवते. दुसरे, स्वायत्त कॉलेज. त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाने आपला अभ्यासक्रम आपण ठरवण्याची आणि परीक्षा आपण घेण्याची मोकळीक दिलेली असते. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. आमचे कॉलेज दुसऱ्या प्रकारचे. तुमचे मूल कोणत्या प्रकारच्या कॉलेजात आहे हे आजच विचारून घ्या. कारण तक्रार कुठे न्यायची ते त्यावर ठरते.

आता स्वायत्त कॉलेजातली वाट पाहू. ती तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी म्हणजे विभाग. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र असे जे विभाग असतात, तिथल्या प्राध्यापकांच्या बोलण्यातून बदलाची सुरुवात होते. कारणे निरनिराळी असतात. कधी शास्त्रच पुढे गेलेले असते. कधी प्रयोग धोक्याचा ठरतो. उदाहरणार्थ, जुन्या लोकांना किप्पचे यंत्र आठवत असेल. क्षार ओळखण्याच्या प्रयोगात त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचे. सडक्या अंड्यांचा वास यायचा. तो नुसता घाण वास नव्हे, तो वायू विषारी आहे. कोंदट प्रयोगशाळेत साठ मुले तो हुंगत उभी राहत. असा प्रयोग काढून त्या जागी कमी रसायन लागणारा प्रयोग घालावा, असे एखाद्या विभागाला वाटले तर तो प्रस्ताव तयार करतो.

कधी कारण वरून येते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पूर्वी बेडूक कापावा लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते थांबवायलाच सांगितले. झाले, सगळीकडची प्रॅक्टिकलची यादी बदलली. त्याहून मोठा बदल २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणला. महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ ला निघाला आणि २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत पहिल्या वर्षाला नवी रचना सुरू झाली. संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द घराघरांत ऐकू येऊ लागले ते तेव्हापासून. सगळा हिशोब क्रेडिटवर आला. एक क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गातले १५ तास, किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. आमच्या ताईंच्या मुलीचा पेपर "बंद" झाला तो याच बदलात.

दुसरी पायरी म्हणजे अभ्यासमंडळ. कचेरीत सगळे त्याला बोर्ड ऑफ स्टडीज म्हणतात. प्रत्येक विषयाचे वेगळे मंडळ. आयोगाच्या नियमाप्रमाणे विभागप्रमुख त्याचे अध्यक्ष असतात आणि विभागातले शिक्षक सभासद. पण घरच्याच माणसांनी घरचेच ठरवू नये म्हणून बाहेरची माणसे घालावी लागतात. दोन विषयतज्ज्ञ बाहेरचे, एक तज्ज्ञ विद्यापीठाच्या कुलगुरूंनी नेमलेला, एक प्रतिनिधी उद्योगधंद्यातला, आणि एक त्या विषयात एम.एस्सी. झालेला गुणवान माजी विद्यार्थी. हा माजी विद्यार्थी प्राचार्य नेमतात. ही शेवटची खुर्ची लक्षात ठेवा, तिच्याविषयी पुढे बोलायचे आहे.

या मंडळासमोर विभागाचा प्रस्ताव येतो. जुन्या अभ्यासक्रमात काय होते, नव्यात काय आहे, ते शेजारी शेजारी मांडलेले असते. कोणते प्रकरण काढले, कोणते घातले, किती तास दिले, गुण कसे वाटले, कोणती पुस्तके लावली, कोणते प्रयोग ठेवले, हे ओळीओळीने पाहिले जाते. चांगला बाहेरचा तज्ज्ञ असला तर तो घाम काढतो. "हे प्रकरण पंधरा तासांत शिकवून होणार कसे?" "हे शिकवायचे तर त्याच्या आधीचे गणित मुलांना कुठे शिकवले?" असे त्याचे प्रश्न असतात.

इतिवृत्ताचे टिपण घ्यायला आम्ही अशा बैठकांत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. एकदा भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये संगणकावर आज्ञावली लिहिण्याचा भाग घालायचा प्रस्ताव होता. प्रस्ताव चांगला होता, आजच्या काळात ते यायलाच हवे. काही काम विद्यार्थ्यांनी घरी करून आणायचे, असे त्यात लिहिले होते. चर्चा अर्धा तास चालली. कोणती भाषा शिकवावी, किती गुण ठेवावेत, सगळे झाले. मग तो माजी विद्यार्थी सभासद बोलला. इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सर, घरी करून आणायचं म्हणजे लॅपटॉप लागणार. मी इथे शिकत होतो तेव्हा माझ्याकडे नव्हता. आता किती जणांकडे आहे ते आपण विचारलंय का?"

कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांकडे नसल्याचे दिसले. पुढच्या बैठकीत ते वाक्य बदलले. सगळे काम प्रयोगशाळेतच, ठरलेल्या तासांत होईल, असे लिहिले गेले. त्या एका वाक्यामुळे कित्येक आईबापांचे चाळीस-पन्नास हजारांचे कर्ज वाचले असेल, हे त्या आईबापांना कधी कळलेही नाही. प्राध्यापक मंडळी काही वाईट नव्हती. त्यांच्या घरी लॅपटॉप होते, म्हणून त्यांना तो प्रश्न सुचला नाही. ज्याच्या घरी नव्हता त्याला सुचला. समितीत कोण बसतो याला किंमत असते ती अशी.

तिसरी पायरी म्हणजे विद्या परिषद, म्हणजेच ॲकॅडेमिक कौन्सिल. इथे प्राचार्य अध्यक्ष. सगळे विभागप्रमुख, शिक्षकांचे चार प्रतिनिधी, बाहेरचे किमान चार तज्ज्ञ आणि विद्यापीठाचे तीन प्रतिनिधी असतात. अभ्यासमंडळ शिफारस करते, मंजुरी ही परिषद देते. ती प्रस्ताव आहे तसा मंजूर करू शकते, बदल करून मंजूर करू शकते, परत पाठवू शकते किंवा फेटाळू शकते. मात्र परत पाठवायचा किंवा फेटाळायचा तर कारण द्यावे लागते. कारण लिहिले की ते कागदावर राहते, आणि कागदावर राहिलेले उद्या कोणालाही मागता येते.

याच्याही वर कॉलेजचे नियामक मंडळ असते. नवीच पदवी सुरू करायची असेल तर त्याची संमती लागते, आणि खर्चाचे विषय तिथे जातात. पण पेपरातले एखादे प्रकरण बदलण्याचे काम सहसा विद्या परिषदेतच संपते.

संलग्न कॉलेजांची वाट लांब आहे. तिथे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू होतो. अभ्यासमंडळ विद्यापीठाचे असते. तिथून विषय विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्याशाखेकडे जातो आणि मग विद्यापीठाच्या विद्या परिषदेकडे. एकदा मंजूर झाला की शेकडो कॉलेजांना एकदम लागू होतो. मुंबई विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम उघडून पाहा. पहिल्याच पानावर विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक असतो. आमच्या मते त्या पुस्तिकेतली सर्वात उपयोगी ओळ तीच. तो क्रमांक हातात असला की, हे कधी ठरले आणि कोणी ठरवले, हे विचारता येते.

आता चांगल्या व्यवस्थेत भोक कुठे पडते ते सांगतो. या सगळ्या पायऱ्यांवर चर्चा होते ती येणाऱ्या विद्यार्थ्यांची. नवा अभ्यासक्रम नव्या मुलांना कसा शिकवायचा, हे सगळे विचारतात. जुन्या अभ्यासक्रमात अडकलेल्या मुलांचे काय, हा विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय असतो. तोपर्यंत दुपारचे दोन वाजलेले असतात, बाहेरच्या तज्ज्ञांना गाडी पकडायची असते.

नियम तसा न्यायाचा आहे. नवा अभ्यासक्रम एकदम सगळ्या वर्षांना लावत नाहीत. यंदा पहिल्या वर्षाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला, असा चढत नेतात. ज्याने जुन्यात प्रवेश घेतला तो जुन्यातच पुढे जातो. जो नापास झाला त्याच्यासाठी जुन्या पेपरची परीक्षा काही वेळा घेतली जाते. त्यानंतर जुन्या कोणत्या पेपरऐवजी नव्यातला कोणता पेपर द्यायचा, याचा एक तक्ता करतात. त्याला समकक्षतेचा तक्ता म्हणतात. म्हणजे विषय खरोखर "बंद" होत नाही. त्याच्या जागी दुसरा उभा केलेला असतो. पण हे ज्याला माहीत त्याच्यासाठी. आणि माहीत नसतात ती कोणती मुले? जी मधल्या काळात कॉलेजात नव्हती. जी दुकानात, कारखान्यात, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली होती. वर्गात रोज येणाऱ्याला मित्र सांगतो. गैरहजर राहिलेल्याला नोटीस बोर्ड काही घरी येऊन सांगत नाही.

आता त्या नोटिशीकडे येतो.

सोमवारी सकाळी आम्ही नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेलो आणि विद्या परिषदेची फाईल काढली. ठराव सापडला. त्यात दोन वाक्ये होती. पहिले असे, की जुन्या पेपरची शेवटची परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये घ्यावी. दुसरे असे, की त्यानंतर राहिलेल्या विद्यार्थ्यांनी जोडपत्रातल्या तक्त्याप्रमाणे नव्या अभ्यासक्रमातला समकक्ष पेपर द्यावा. जोडपत्र मागे लावलेले होते. मुलीच्या पेपरसमोर नव्या पेपरचे नाव स्पष्ट लिहिलेले होते.

मग नोटिशीत ते का नव्हते? कारण आम्ही ते घातले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये ती नोटीस आम्ही टाईप केली तेव्हा एका पानात बसवायची होती. तक्ता बसत नव्हता. वरिष्ठ म्हणाले, शेवटची संधी एवढेच महत्त्वाचे, तेवढे घाला. आम्ही तेवढेच घातले. "जोडपत्र पाहावे" एवढी दोन शब्दांची ओळसुद्धा सुचली नाही. सहा महिन्यांनी खिडकीवरच्या आमच्याच सहकाऱ्याने ती नोटीस वाचली आणि त्याला वाटले, खरोखरच काही होणार नाही. त्याने खोटे सांगितले नाही. त्याच्यासमोर अर्धाच ठराव होता.

वाचकहो, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. आम्ही वस्तीत शिक्षणाच्या गोष्टी सांगत फिरतो, अभ्यासिका चालवतो, आणि आमच्याच हातून एका गरीब मुलीची वाट अडवली गेली. कोणाचा द्वेष नव्हता, कारस्थान नव्हते. एक पान वाचवायचे होते. पण ज्याच्या मागे कोणी विचारणारे नसते, त्याला एवढेही पुरते.

आम्ही टिपणी लिहून प्राचार्यांकडे नेली. चूक आमची आहे हेही त्यात लिहिले. प्राचार्यांनी सही केली. त्याच आठवड्यात नवी नोटीस लागली, तक्त्यासकट, इंग्रजीत आणि मराठीत. तिच्यासारखी आणखी सात मुले पुढे आली. त्यातल्या दोघांनी शिक्षण सोडून दिल्यात जमा होते. मुलीने फॉर्म भरला. नव्या पेपरात दोन प्रकरणे अशी होती की जी तिने कधी शिकली नव्हती. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने तिला आपली वही दिली. नोव्हेंबरमध्ये ती परीक्षेला बसली आणि पेपर सुटला. ताई पेढे घेऊन आल्या तेव्हा आम्हाला तो पेढा गोड लागला नाही. कारण जुलैचा प्रवेश हुकला तो हुकलाच. एक वर्ष गेले, ते आम्ही परत देऊ शकत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली १९२४-२५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती बसली, तेव्हा तिच्या प्रश्नावलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी उत्तरे दिली होती. पुढे १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाचे विधेयक आले, तेव्हा विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व हवे, हा मुद्दा त्यांनी मांडला. त्या काळी आपल्यातली किती मुले कॉलेजात होती? बोटांवर मोजण्याइतकी. तरीही बाबासाहेब वर्गातल्या बाकावर थांबले नाहीत, जिथे निर्णय होतो त्या टेबलापाशी जागा मागितली. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेही कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. आज आपली मुले हजारोंनी बाकावर आहेत. टेबलापाशी मात्र आपण अजून फारसे फिरकत नाही.

तेव्हा प्रत्येक घराने काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. प्रवेश घेतला की त्या वर्षीचा अभ्यासक्रम कॉलेजकडून मागून घ्या. मोबाईलवर असेल तर छापून घ्या आणि फीच्या पावतीबरोबर त्याच पिशवीत ठेवा. मंजुरीची तारीख आणि विषय क्रमांक पहिल्या पानावर आहे का ते पाहा, नसेल तर कचेरीत विचारून लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट. काही कारणाने शिक्षणात खंड पडणार असेल तर न सांगता घरी बसू नका. जाण्यापूर्वी एक अर्ज द्या. आपले कोणते पेपर राहिले आहेत, त्यांची जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा कधीपर्यंत होईल आणि त्यानंतर कोणता पेपर द्यावा लागेल, असे तीन प्रश्न त्यात विचारा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, शिक्क्याचा कागद राहतो.

तिसरी गोष्ट. नोटीस वाचून घाबरून घरी परतू नका. नोटीस म्हणजे ठराव नव्हे. "हे कोणत्या ठरावाने झाले, तो ठराव आणि त्याचे जोडपत्र दाखवा," असे शांतपणे म्हणा. आवाज चढवायची गरज नाही. कचेरीतल्या माणसाला ठरावाचा क्रमांक विचारला की तो खुर्चीत सरळ बसतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

चौथी गोष्ट. दाखवत नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना आणि सार्वजनिक विद्यापीठांना तो लागू आहे. साधा अर्ज, त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दाखला जोडला की फी नाही. बैठकीचे इतिवृत्त हे काही गुपित नसते.

पाचवी गोष्ट ज्यांची मुले शिकून बाहेर पडली त्यांच्यासाठी. मघाशी ज्या खुर्चीचा उल्लेख केला, ती माजी विद्यार्थ्याची खुर्ची प्रत्येक स्वायत्त कॉलेजच्या प्रत्येक अभ्यासमंडळात आहे. आपल्यातले एम.एस्सी. झालेले, प्रयोगशाळेत आणि औषधाच्या कारखान्यात काम करणारे मुलगे-मुली आता कमी नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या प्राचार्यांना पत्र लिहून कळवावे, की आम्ही यायला तयार आहोत. कॉलेज अभ्यासक्रमाविषयी मत मागणारा फॉर्म देते, तोही सगळीकडे "उत्तम" अशी खूण करून परत करू नये. जर्नल, ॲप्रन, लॅपटॉप, प्रवास यांचा खर्च किती झाला ते त्यात लिहावे. बैठकीत तो फॉर्म कधी ना कधी वाचला जातो.

आणि पदवीधर झालेल्या प्रत्येकाने विद्यापीठात पदवीधर म्हणून नाव नोंदवावे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात. त्यात पाच जागा राखीव असून एक अनुसूचित जातीसाठी आहे. अधिसभा पेपरातली प्रकरणे ठरवत नाही, पण तिथे विद्यापीठाला जाब विचारता येतो. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आम्ही स्वतः बी.कॉम. पदवीधर. इतकी वर्षे कॉलेजच्या कचेरीत काढली आणि नाव नोंदवले नव्हते, म्हणून मत देता आले नाही. दुसऱ्याला सांगण्याआधी हेही कबूल केलेले बरे. पुढच्या नोंदणीचा अर्ज आम्ही भरणार आहोत.

कचेरीत आता आम्ही एक छोटा नियम केला आहे. अभ्यासक्रम बदलाच्या प्रत्येक प्रस्तावाच्या फाईलवर पहिल्या पानालाच एक कोरा कागद लावतो. त्यावर वर लिहितो, "जुन्या अभ्यासक्रमातले किती विद्यार्थी राहिले आहेत? त्यांना कसे कळवणार?" कारकुनाला ठराव करता येत नाही, पण विषयपत्रिकेला कागद जोडता येतो. पहिल्या बैठकीत एका सरांनी विचारले, "हे काय?" आम्ही म्हणालो, "सर, यांची नावेही रजिस्टरमध्ये आहेत." त्यांनी चष्मा लावला आणि तो विषय आधी घेतला. त्या दिवशी तो दुपारी दोनला नव्हे, सकाळी अकराला झाला.

ताईंना आम्ही शेवटी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "ताई, विषय बंद होत नाही. त्याची जागा बदलते. आणि नवी जागा कुठली ते सांगायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नाही."

ताई म्हणाल्या, "मग आता सगळ्यांना सांगा."

म्हणून हे लिहिले. ज्यांच्या घरात कोणाचा पेपर राहिला असेल, कोणी मध्येच शिक्षण सोडून कामाला लागले असेल, त्यांनी हा अंक घरात ठेवावा आणि त्या मुलाला एकदा कॉलेजच्या खिडकीवर पाठवावे. हातात अर्ज द्यावा. एकटे जायला बिचकत असेल तर आपण बरोबर जावे. आम्ही रविवारी संध्याकाळी अभ्यासिकेत असतो. अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलेलोच आहोत.

जयभीम.